सत्तेच्या दालनातून वृत्तवाहिनीच्या पडद्यावर

राजकीय सल्लागाराने वृत्तवाहिनीवर भाष्यकार होण्याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील जॉर्ज स्टेफानोपोलस. १९९२ च्या निवडणुकीत बिल क्लिंटन यांच्या प्रचाराची धुरा सांभाळणाऱ्या मोजक्या सहकाऱ्यांपैकी ते एक होते. क्लिंटन यांच्या पहिल्या कार्यकाळात व्हाइट हाउसमध्ये काम केल्यानंतर ते ‘एबीसी’ वाहिनीवर राजकीय विश्लेषक झाले. २००२ मध्ये ‘धिस वीक’ या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्यांच्याकडे आले.

सत्तेच्या अंतर्गत कारभाराची जाण हे त्यांचे भांडवल होते आणि तेच संशयाचे कारणही ठरले. क्लिंटन फाउंडेशनला त्यांनी ७५ हजार डॉलरच्या देणग्या दिल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. त्यांनी माफी मागितली आणि रिपब्लिकन उमेदवारांच्या नियोजित वादसभेच्या सूत्रसंचालनातून माघार घेतली. देणगी देण्यात बेकायदा काही नव्हते. आक्षेप होता तो या संस्थेविषयी पडद्यावर बोलताना ती प्रेक्षकांपासून दडून राहिली, याला.

भारतीय वाहिन्यांवरील चर्चांतही पक्षांचे माजी सल्लागार विश्लेषक म्हणून सहभागी होतात. त्यांच्या नावासोबत पूर्वीच्या बांधिलकीचीही नोंद दिसली, तर त्यांचे मत कितपत ग्राह्य धरायचे, हे प्रेक्षक स्वतः ठरवू शकतील.