विहाराच्या अंगणातला उजेड

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ. या दिवसांत आपल्या वस्त्यांतील विहारांत रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. कामावरून थकून आलेल्या माता-भगिनी, म्हातारीकोतारी माणसे, शाळेची मुले असे सारेच येतात. पण हाच काळ पावसाचा. अंगणात चिखल, आणि त्यावरून २३० व्होल्टची उघडी वायर गेलेली. कुठे ती पत्र्याला बांधलेली, कुठे बोधिवृक्षाला गुंडाळलेली, तर कुठे जोडाला नुसती चिकटपट्टी. पत्रा ओला झाला, त्यात करंट उतरला आणि एखाद्या लेकराचा हात लागला, तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

अंधार ठेवणे हा यावर उपाय नव्हे. अंगणात १२ व्होल्टचे दिवे लावावेत. या तारेला ओला हात लागला तरी जीवघेणा झटका बसत नाही, म्हणून हे काम मंडळातील युवक-युवती स्वतः करू शकतात.

आधी हिशेब करा. सहा वॅटचे सहा एलईडी दिवे म्हणजे ३६ वॅट. सप्लाय कायम पूर्ण भारावर चालवू नये, म्हणून तो ६० वॅटचा घ्यावा. फार स्वस्तातला, बिगरनावाचा सप्लाय घेऊ नका. २३० व्होल्ट १२ च्या बाजूला येऊ न देणे हेच त्याचे मुख्य काम आहे. सप्लाय विहाराच्या आत, उंचावर, कोरड्या जागी बसवा. त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला मात्र आपण हात घालू नये. अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

पुढचे काम आपले. लोक फसतात ते वायरीत. ३६ वॅटला १२ व्होल्टवर ३ अँपिअर प्रवाह लागतो. सप्लायपासून दिवे २० मीटर लांब असतील आणि तांब्याची ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली, तर वाटेतच सुमारे ३ व्होल्ट जातात. दिवे मिणमिणतात आणि दोष दिव्यांना दिला जातो. २.५ ची वायर घेतली तर साधारण एकच व्होल्ट जातो. म्हणून वायरीत काटकसर नको.

वायर पीव्हीसी पाइपातून वीतभर खोल पुरा. बोधिवृक्षाची मुळे तोडू नका, खोडात खिळा ठोकू नका. खुंटीचे दिवे जमिनीत रोवून उजेड वर सोडा. लाल तार लालला, काळी काळीला जोडा. उलट जोडल्यास एलईडी लागत नाही. जोड पाणी न शिरणाऱ्या डबीत घ्या. सप्लायमधून निघणाऱ्या लाल तारेवर ५ अँपिअरचा फ्यूज बसवा. १२ व्होल्टचा झटका बसत नसला, तरी तारा एकमेकींना टेकल्या तर त्या तापून आग लागू शकते.

विजेचाही हिशेब पाहा. ३६ वॅटचे दिवे रोज पाच तास लावले तर महिन्याला साडेपाच युनिटही होत नाहीत. ५०० वॅटचा एक हॅलोजन तेवढाच वेळ लावला तर ७५ युनिट होतात. वाचलेल्या वर्गणीतून मुलांच्या अभ्यासिकेला पुस्तके येतील.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. देशाच्या वीजविकासाच्या नियोजनासाठी १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, ते याच खात्याच्या काळात. वीज गरिबाच्या जीवनात उजेड आणण्यासाठी आहे, जीव घेण्यासाठी नाही. आपल्या विहारात तरी ती समजून-उमजून वापरली पाहिजे.

बुद्ध पौर्णिमेपासून आषाढ पौर्णिमेपर्यंत साधारण दोन महिने मिळतात. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत हा विषय घ्या, अंगण मोजा, वर्गणीची यादी करा. काम मुलामुलींच्या हातून होऊ द्या, म्हणजे पुढे दिवा बंद पडला तर कोणाची वाट पाहावी लागणार नाही. वर्षावासाच्या पहिल्या संध्याकाळी ग्रंथवाचनाला येणाऱ्या आजीचे पाऊल उजेडात आणि निर्धास्त पडले पाहिजे.

जयभीम!