उत्साह आणि प्राणांक : वीरकथेच्या खेळातील युद्धनियमांविषयी

खेळाचे नियमपुस्तक हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न मराठीच्या वर्गात कोणी विचारला तर बहुधा हशा पिकेल. आमचे मत असे, की निदान एका प्रकारच्या खेळांबाबत तो व्हायला हवा, आणि त्यातही युद्धाचे नियम आधी तपासायला हवेत. वीर कोणास म्हणावे, या प्रश्नाचे एक उत्तर त्या नियमांत गृहीत धरलेले असते, आणि खेळणारा ते न तपासताच स्वीकारतो.

हे खेळ टेबलाभोवती बसून, बोलून खेळले जातात. एक जण निवेदक होतो, बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात, आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला सुरुवात झाली. लहान सैनिकप्रतिमा मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून तो निघाला होता. त्यातील ‘हिट पॉइंट’ ही कल्पना पुढे सर्वत्र रूढ झाली. आपण तिला प्राणांक म्हणू. प्रत्येक पात्रापाशी प्राणांकांची शिल्लक असते. घाव बसला की ती घटते, संपली की पात्र पडते, आणि पात्र जसजसे अनुभवी होते तसतशी ती वाढत जाते.

जिथे जादूची रेलचेल आहे तिथे हा हिशेब शोभतो. मंत्र म्हटला, काढा प्यायला, की खाते पुन्हा भरले. परंतु जी कथा अल्पजादूची आहे, जिथे माणसाचे धैर्य, शस्त्र आणि फार तर एखादा शकुन एवढेच भांडवल आहे, तिथे हा नियम एक विचित्र सिद्धान्त मांडतो : जो अधिक घाव सोसू शकतो तो अधिक मोठा वीर.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला नाट्यशास्त्राची आठवण व्हावी. भरताने वीररसाचा स्थायीभाव उत्साह मानला आहे, क्रोध नव्हे. क्रोध हा रौद्राचा स्थायीभाव. आणि तोडणे, फोडणे, शस्त्रप्रहार करणे, रक्त काढणे ही कर्मे भरताने रौद्राकडे दिली आहेत. वीराची कारणे सांगताना तो असंमोह, अध्यवसाय, नय, विनय यांची नावे घेतो; म्हणजे गोंधळून न जाणे, निश्चय, नीती आणि संयम. या कसोटीवर पाहिले तर प्राणांकांचा नियम वीररसाचा नव्हेच. तो रौद्राचा जमाखर्च आहे. वीरकथा खेळू म्हणून बसलेल्या मंडळींच्या हाती आपण रौद्राचे पुस्तक देतो, आणि मग खेळ नुसत्या कापाकापीचा होतो म्हणून खेळणाऱ्यांना बोल लावतो.

मराठी परंपरेतील युद्धकथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. १६६० साली बाजीप्रभू देशपांडे यांनी खिंड लढवली, ती शत्रू संपवण्यासाठी नव्हे, तर महाराज विशाळगडावर पोचेपर्यंतचा वेळ मिळवण्यासाठी. परंपरेने सांगितलेली कथा गडावरच्या तोफांच्या आवाजाशी संपते. प्राणांकांच्या वहीत बाजीप्रभू हरले, कारण त्यांची शिल्लक शून्य झाली. कथेत मात्र ते जिंकले. जो नियम या दोहोंतला भेद नोंदवू शकत नाही, तो आमच्या वीरकथेला अपुरा आहे.

१६७० च्या कोंढाण्याची गोष्टही अशीच. तानाजी मालुसरे पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटला, ते मागे फिरू लागले, आणि सूर्याजीने उतरण्याचे दोर कापून त्यांना पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. त्या क्षणी एकाही मावळ्याच्या अंगावरची जखम वाढली वा कमी झाली नव्हती. बदलला तो केवळ उत्साह; आधी तो ओसरला, मग परतला. लढाईचा निकाल तिथेच लागला.

अल्पजादू म्हणजे काय, याचेही उत्तर आपल्याकडे आहे. सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या भेटीपूर्वी भवानी महाराजांना दर्शन देऊन यशाचे आश्वासन देते. तरीही महाराज अंगरख्याखाली चिलखत घालतात आणि शस्त्र लपवून नेतात. देवीचे वचन चिलखताची जागा घेत नाही. ते मनाला बळ देते, वार मात्र चिलखतानेच अडवायचा असतो. अल्पजादूच्या खेळाला याहून नेमका नियम आम्हांस सुचत नाही.

राहिला नय. त्यासाठी आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना दूर जावे लागत नाही. देवगिरीचा किल्ला शेजारीच आहे. आज तेथे दिसणारे बांधकाम एकाच काळातले नाही, पण त्याची रचना म्हणजे दगडात लिहिलेले युद्धाचे नियमपुस्तक आहे. उभा तासलेला कडा, खंदक, आणि कातळातून वर जाणारी वळणावळणांची अंधारी, जिच्या वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून शत्रूला कोंडता येई. येथे तलवारबहाद्दराचे कौशल्य जवळजवळ निरर्थक ठरते. ज्याला वाट ठाऊक आहे तो टिकतो. आणि तरी १२९६ साली अलाउद्दीन खिलजीपुढे रामचंद्रदेव यादवाला शरण जावे लागले. मुख्य सैन्य शंकरदेवाबरोबर बाहेर होते, आणि घाईने गडावर चढवलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा सांगितली जाते. मिठाची कथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना युद्ध कळत होते. तलवारी भिडण्याआधीच निकाल लावणाऱ्या गोष्टी कोणत्या, हे त्यांना ठाऊक होते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. प्राणांक काढून टाकले तर निकाल निवेदकाच्या मर्जीवर जाईल. आकडा हा खेळणाऱ्याचा हक्क आहे. हे आम्हांस मान्य आहे. आकडे नकोत असे आमचे म्हणणेच नाही. प्रश्न कशाचे आकडे, हा आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’ या १९८५ च्या खेळात निष्ठा, प्रेम, द्वेष यांनाच अंक दिलेले आहेत. कसोटीच्या क्षणी स्वामिनिष्ठेच्या अंकावर फासा टाकावा लागतो, आणि तो अनुकूल पडला तर पात्र स्वतःच्या नेहमीच्या कुवतीपलीकडे लढते. तिथेही जखमा मोजल्या जातात, पण केवळ जखमाच नव्हे. आर्थर राजाच्या कथांसाठी एका इंग्रजी खेळाने जे केले, ते आपल्या कथांसाठी आपणच करायला हवे.

आमच्या मते अशा खेळाचे युद्धनियम तीन गोष्टींवर उभे राहावेत. पहिली, लढाईआधी हेतू जाहीर व्हावा : वेळ मिळवणे, दार उघडणे, कोणाला सोडवणे. हार-जीत त्या हेतूवर ठरावी. दुसरी, उत्साह हा साऱ्या तुकडीचा सामाईक अंक असावा. नायक पडला, वाट चुकली, रसद संपली की तो घटावा, आणि एखाद्याच्या कृतीने वा शब्दाने परतावा. शकुन आणि दर्शने यांचा परिणाम या अंकापुरताच असावा. तिसरी, जखमा थोड्या असाव्यात पण भरून न येणाऱ्या. सकाळी उठून हात पुन्हा धड होणार असेल, तर तो जाण्याची भीती आणि ती गिळून पुढे जाण्याचे मोल दोन्ही संपतात.

मराठी विद्यार्थी आज हे खेळ इंग्रजी पुस्तकांवरून खेळू लागले तर त्यात वाईट काहीच नाही. पण त्यातली नावे बदलून ‘मावळा’ आणि ‘गड’ केली म्हणजे खेळ मराठी झाला, अशी समजूत होऊ नये. नावे वरवरची असतात, नियम मुळाशी असतो. बाजीप्रभूंचे नाव घेतलेले पात्र जर केवळ शिल्लक संपली म्हणून हरत असेल, तर त्या टेबलाभोवती बसलेल्यांनी कथा बाजीप्रभूंची सांगितली आणि तत्त्व मात्र दुसऱ्याच कुणाचे शिकले, असे म्हणावे लागेल.