वंशावळ नसलेला विजेता

घोड्यांच्या जगात कुळाला फार मान आहे. शर्यतीच्या थरोब्रेड जातीचा कोणताही घोडा घ्या, त्याची पितृपरंपरा सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडात आणलेल्या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत जाऊन पोचते. पिढ्यान्‌पिढ्यांची ही नोंद वह्यांतून जपलेली असते. घोडा नामांकित ठरला की त्याच्या शिंगरांना भाव येतो, आणि त्याच्या मागे उरते ते हेच. आज ज्याची हकीकत सांगावयाची आहे, त्या ‘स्नोमॅन’पाशी यांतले काहीच नव्हते. त्याचे आईबाप कोण, हे कोणास ठाऊक नाही. आणि तो खच्ची केलेला असल्यामुळे त्याच्यापुढे वंश चालण्याचाही प्रश्न नव्हता.

फेब्रुवारी १९५६. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात न्यू हॉलंड या गावी घोड्यांचा लिलाव भरत असे. हॅरी डिलेयर नावाचा एक तरुण तेथे पोचला, तेव्हा बाजार संपला होता. हॉलंडमध्ये जन्मलेला हा गृहस्थ १९५० साली पत्नीसह अमेरिकेत आला होता आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर मुलींच्या एका शाळेत अश्वारोहण शिकवीत होता. विद्यार्थिनींच्या उपयोगी पडेल असे एखादे गरीब स्वभावाचे, स्वस्त जनावर त्याला हवे होते. चांगले घोडे विकले गेले होते. उरलेले कत्तलखान्याच्या गाडीत चढविलेले होते. फळ्यांच्या फटीतून एका मळकट, करड्या-पांढऱ्या घोड्याने त्याच्याकडे पाहिले. त्याने घोडा खाली उतरवून घेतला. छातीवरचे केस जुंपणीच्या पट्ट्यांनी घासून गेलेले. म्हणजे नांगर ओढून झिजलेले जनावर. आपल्याकडचे जुने अश्वपरीक्षक अंगावरचे भोवरे पाहून घोड्याची पारख करीत. या घोड्याकडे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलेही नसते. सौदा ८० डॉलरांना ठरला. घरी तो बर्फात उतरला तेव्हा मुलांना तो बर्फाच्या बाहुल्यासारखा दिसला, आणि तेच त्याचे नाव झाले.

त्या गाडीत त्याच्याबरोबर उभ्या असलेल्या इतर घोड्यांना कोणी नावे ठेवली नाहीत. ही हकीकत आनंदाने सांगताना तेवढे विसरले जाते.

स्नोमॅन इतका शांत की नवख्या मुलींनाही तो सांभाळून नेई. पण शाळेला सुट्टी लागल्यावर रिकाम्या घोड्याला खाऊ घालणे परवडणारे नव्हते. डिलेयरने दुप्पट किमतीला तो शेजारच्या एका डॉक्टरांना विकून टाकला. म्हणजे ज्याने त्याला मृत्यूच्या दारातून आणले, त्यानेही एकदा त्याची किंमत पैशांतच केली होती. मला यात दोष दिसत नाही. पदरी मुले असलेल्या आणि परक्या देशात नव्याने बस्तान बसवणाऱ्या माणसाने दुसरे काय करावे? निर्णय फिरवला तो घोड्यानेच. डॉक्टरांच्या शेताचे कुंपण ओलांडून तो जुन्या घरी परत आला. त्याला पुन्हा नेऊन सोडले, कुंपण उंच केले, तरी तो परत आलाच. तेव्हा डिलेयरच्या ध्यानात आले की, हा घोडा नुसता मायाळू नाही, त्याला उडी आहे. त्याने तो माघारी घेतला.

शिक्षण सुरू झाले ते काही फारसे आशादायक नव्हते. जमिनीलगतच्या दांड्यांना स्नोमॅन धडपडे. अडथळा उंच होत गेला तसतसा तो मन लावून उडू लागला. त्या काळी अमेरिकेतील अनेक उड्डाण-स्पर्धांत दांडा पाडणे दूरच, खूर नुसता निसटता लागला तरी दोष धरला जाई. अशा कसोटीत नांगराच्या घोड्याने उतरायचे, आणि तेही पिढीजात धनिकांच्या तबेल्यांतील खानदानी घोड्यांसमोर! लिलावापासून तीन वर्षेही झाली नव्हती, तोच १९५८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील राष्ट्रीय अश्वप्रदर्शनात त्याने खुल्या उड्डाणाचे अजिंक्यपद मिळविले. त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा म्हणूनही त्याचा गौरव झाला. १९५९ साली गार्डनमधले अजिंक्यपद त्याने पुन्हा जिंकले.

आता खरेदीदार दारी येऊ लागले. त्यांतील एकाने एक लाख डॉलर देऊ केले. पूर्वी परिस्थितीपुढे हाच घोडा विकणारा डिलेयर या वेळी नाही म्हणाला. घोडा घरातलाच झाला होता. गार्डनच्या दिव्यांखाली उडणाऱ्या त्याच पाठीवर घरची मुले एकामागे एक बसत आणि उन्हाळ्यात त्याच्यासह समुद्रात पोहत. इतक्या ताकदीचा घोडा लहान मुलांच्या स्वाधीन सहसा कोणी करीत नाही.

१९६२ साली स्नोमॅन स्पर्धांतून निवृत्त झाला. सप्टेंबर १९७४ मध्ये मूत्रपिंडे निकामी होऊन त्याचा अंत झाला. १९९२ साली अमेरिकेच्या उड्डाण-अश्वांच्या सन्मानदालनात त्याचे नाव लागले. २०११ साली एलिझाबेथ लेट्स यांनी त्याच्यावर ग्रंथ लिहिला, आणि २०१५ साली ‘हॅरी अँड स्नोमॅन’ हा अनुबोधपट निघाला. तोवर डिलेयर वृद्ध झाले होते. मधल्या काळात त्यांनी आणखी पुष्कळ घोडे शिकवले, आणि नातवंडांचे आजोबा झाल्यावरही स्वतः अडथळे उडविले. २०२१ साली ते वारले. कॅमेऱ्यापुढे बसून त्यांनी जी कथा सांगितली, ती मात्र वंशावळ नसलेल्या त्या एकाच घोड्याची होती.