मैदानावर हात मिळवा, पण बरोबरीच्या नात्याने!

रब्बीची सुगी आटोपली की जालना जिल्ह्यात गावोगाव सामने सुरू होतात. भोकरदन-जाफराबादपासून अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्यापर्यंत कुठे कबड्डी, तर कुठे टेनिस बॉलचे क्रिकेट. 14 एप्रिलच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांतूनही बक्षिसे लागतात. पोरे घाम गाळतात, म्हातारी माणसे कडेला बसून टाळ्या पिटतात. गोष्ट चांगलीच आहे. परंतु अंतिम सामन्यानंतर काय होते, याचाही विचार झाला पाहिजे. पंचाच्या निर्णयावरून बाचाबाची, बाचाबाचीतून शिवी, शिवीतून जात आणि जातीतून फुटलेली डोकी हा क्रम आपल्या भागात कुणाला नवा नाही. म्हणून खिलाडूवृत्ती हा शाळेतल्या निबंधाचा विषय समजून सोडून देता येणार नाही. आंबेडकरी चळवळीनेच तो हाती घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खिलाडूवृत्तीचे धडे आम्हाला देणाऱ्यांनी आधी पालवणकर बाळूंचे चरित्र वाचावे. चर्मकार समाजात 1876 साली जन्मलेला हा माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखत होता. तिथे ग्रेगसारख्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो देशातला पहिल्या प्रतीचा गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळू हवे होते. पण चहाच्या वेळी काय? बाळूंचा चहा तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळे. त्यांनी टाकलेला चेंडू हातात घ्यायला विटाळ नव्हता, त्यांच्या हातची कपबशी मात्र विटाळलेली! फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळवायला त्यांचे बंधू विठ्ठल यांना 1923 साल उजाडावे लागले. त्याआधी 1920 साली भावांना अन्यायाविरुद्ध संघातून बाहेर पडावे लागले होते, हेही विसरता कामा नये.

यातून निघणारा धडा असा की, समतेशिवाय खिलाडूवृत्ती हे निव्वळ ढोंग आहे. ज्याला तंबूत बसू दिले जात नाही, त्याला ‘हसत हसत पराभव स्वीकार’ असे सांगणे म्हणजे अपमान गिळायला सांगणे होय. पण याच इतिहासात दुसरी बाजूही आहे. ज्या एम. डी. पै यांना कर्णधारपद मिळाले, त्यांनी आपल्या सत्काराच्या सभेत जाहीरपणे सांगितले की, हा मान खरे तर ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंचा होता. तेवढ्याने व्यवस्था बदलली नाही हे खरे, पण चारचौघांत ते बोलायलाही धैर्य लागते. अशी माणसे तेव्हाही होती, आजही आहेत. त्यांना आपण आपलेच मानले पाहिजे.

आणि विरोधकाशी कसे वागावे, याचे उदाहरण तर आपल्या घरातच आहे. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता, त्यांच्या गौरवाच्या कामात ते पुढे होते. नंतर मार्ग वेगळे झाले. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू दुसऱ्या बाजूला उभे राहिले. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात त्यांनाच उभे केले आणि बाबासाहेब सुमारे 2 हजार मतांनी विजयी झाले. आज आपण बाळूंना काय म्हणायचे? केवळ ‘काँग्रेसचा उमेदवार’ म्हणून त्यांचे नाव पुसून टाकायचे? मला ते मान्य नाही. राजकारणातला त्यांचा पवित्रा चुकीचा होता असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. पण मैदानावर त्यांनी जी वाट पाडली, तिचे श्रेय नाकारणे हा कोतेपणा होईल. प्रतिस्पर्ध्याला हरवणे वेगळे आणि त्याला माणसातून उठवणे वेगळे.

हा प्रश्न जुना झाला, असे कुणी म्हणेल. तर 4 ऑगस्ट 2021 ची घटना आठवा. टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारताच्या महिला हॉकी संघाला अर्जेंटिनाने 2-1 असे हरवले. त्यानंतर हरिद्वारजवळ वंदना कटारिया हिच्या घरासमोर फटाके फोडले गेले, कुटुंबाला जातीवाचक शिव्या दिल्या गेल्या, अशी तक्रार झाली आणि पोलिसांना अटक करावी लागली. चारच दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करून ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरलेली ही मुलगी! पुढे ब्रिटनने कांस्यपदकाच्या लढतीत भारताला 4-3 ने हरवले, तेव्हा त्याच ब्रिटनच्या संघाने भारतीय मुलींच्या खेळाची उघड वाखाणणी केली. परक्या देशाच्या विरोधकाला जे कळले, ते शेजारच्या माणसाला कळले नाही. हा रोग हॉकीचा नाही, जातीचा आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. 2023 साली अंतरवाली सराटी आणि 2024 साली वडीगोद्री या दोन्ही गावांची नावे आरक्षणाच्या आंदोलनांमुळे देशभर गाजली. ज्याचा त्याचा न्याय्य हक्क ज्याने त्याने सनदशीर मार्गाने मागावा. परंतु त्या तणावाची झळ पोरांच्या मैदानापर्यंत पोहोचू देता कामा नये. एकदा संघ जातीवर पडले की खेळाचा निकालही जातीचा निकाल होतो आणि त्याची किंमत शेवटी ज्याचे घर गावकुसाबाहेर आहे, तोच मोजतो.

कायदा आपल्या बाजूला आहे. ग्रामपंचायतीचे मैदान हे सार्वजनिक आहे. संविधानाच्या अनुच्छेद 15 (2) नुसार तिथे जातीवरून कुणालाही अडवता येत नाही. चारचौघांत जातीवाचक शिवी देणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे मागे हटू नका, गुन्हा नोंदवा. पण वकील म्हणून हेही सांगितले पाहिजे की, न्यायालय शिक्षा देऊ शकते, मैत्री निर्माण करू शकत नाही. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरचीच राहतील, असा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत नोव्हेंबर 1949 मध्येच दिला होता.

कबड्डीचेच पाहा. या खेळात बहुतेक गुण स्पर्शातूनच मिळतात. गडी बाद करायचा तर चढाई करणाऱ्याला शिवावे लागते, पकड करणाऱ्याला अंगाला भिडावे लागते. ज्या समाजाने आपल्या सावलीचाही विटाळ मानला, त्याच्याच मातीतला हा खेळ आहे! शिवाय पंचाला न दिसलेला स्पर्श खेळाडूला ठाऊक असतो. जो हात वर करून ‘मी बाद’ म्हणतो, तो पंचशीलातले चौथे शील पाळतो. यापेक्षा सोपा धम्मपाठ कुठला?

म्हणून यंदाच्या जयंती मंडळांना माझी विनंती आहे. स्पर्धा सर्व जातिधर्मांच्या संघांना खुली ठेवा. संघाला जातीचे नाव नको. पंच बाहेरगावचे नेमा. पिण्याच्या पाण्याची टाकी एक आणि जेवणाची पंगत एक ठेवा. शिवी देणारा खेळाडू आपला असला तरी त्याला बाहेर काढा, आपल्यालाच आधी काढा. मुलींचे सामने भरवा. आणि सर्वात चांगले वागलेल्या संघासाठी वेगळे बक्षीस ठेवा.

शेवटची गोष्ट आपल्या पुढाऱ्यांसाठी. एकाच गावात निळ्या झेंड्याखाली दोन गटांच्या दोन स्पर्धा का? निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्यांनी जयंतीच्या मैदानावर तरी हस्तांदोलन करावे. गावाकडून आपण ज्या बरोबरीच्या वागणुकीची मागणी करतो, ती आधी आपल्या दोन गटांत दिसू द्या.

जय भीम!