कोविडच्या वॉर्डात कोटा कुणी विचारला?

आमच्या वाचकांना २००६ सालचा मे महिना आठवत असेल. केंद्रीय शिक्षणसंस्थांत ओबीसींना २७ टक्के आरक्षण मिळणार म्हणताच दिल्ली-मुंबईतील भावी डॉक्टर रस्त्यावर उतरले. कुणी झाडू मारला, कुणी बूट पॉलिश केले. आरक्षणामुळे आमच्यावर ही पाळी येईल, असे त्यांना सुचवायचे होते. ही पाळी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर लादली गेली, तेही हे नाटक पाहत होते. (२०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या नावाने १० टक्के आरक्षण आले, तेव्हा झाडू घेऊन कुणी डॉक्टर रस्त्यावर उतरल्याचे आम्हाला आठवत नाही.) राखीव जागेवरचा डॉक्टर रुग्ण दगावणार, हा डांगोरा तर त्याच्याही आधीचा.

त्या डांगोऱ्याची खरी परीक्षा महामारीत, मुंबईच्या उपनगरांतही झाली.

२०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर, तर शहर जिल्ह्याची ३१ लाखांच्या आत. पण ग्रँट, केईएम, नायर, सायन ही सारी वैद्यकीय महाविद्यालये शहराच्या वाट्याला. उपनगरात महापालिकेचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते २०१५ साली, कूपर रुग्णालयात. एमबीबीएसची साडेचार वर्षे मोजा. पहिली तुकडी इंटर्न होते ती नेमकी २०२० मध्ये! एकेका विभागात फिरून हात बसवायचे ते वर्ष. त्याऐवजी पीपीई किट चढवून तासन्‌तास पाण्याच्या घोटाविना उभे राहायचे, ऑक्सिजनची पातळी पाहायची, आणि नातेवाइकांना वॉर्डात प्रवेश नसल्याने माणूस गेल्याची बातमी फोनवर सांगायची. तेविशी-चोविशीतली ही मुले. त्यांत झोपडपट्टीतून, चाळीतून, गावकुसाबाहेरून आलेली, घराण्यातली पहिलीच डॉक्टर झालेली मुलेही होती.

राजावाडीत आलेला रमाबाई नगरातला रिक्षावाला असो, कांदिवलीच्या बाबासाहेबांच्या नावाच्या रुग्णालयातली घरकाम करणारी बाई असो, की मरोळच्या सेव्हन हिल्समधला अंधेरीचा फ्लॅटवाला. 'डॉक्टर, तुम्ही कोणत्या कोट्यातून आलात?' असे त्यांपैकी कुणी विचारले असेल काय? त्या वॉर्डांत झाडूही होता. तो कुणाच्या हातात होता, हे आम्ही सांगायला नको.

पुढे पदव्युत्तर जागांचा प्रश्न आला आणि गुणवत्ता पुन्हा आठवली. एप्रिल २०२१ ची नीट-पीजी लांबत ११ सप्टेंबरला झाली. अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना २७ टक्के देण्याचा २९ जुलैचा निर्णय कोर्टात गेला, त्याबरोबर प्रवेशही अडकले. नवे निवासी डॉक्टर आलेच नाहीत. जुन्यांनी त्यांचाही भार ओढला. अखेर ७ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणासह प्रवेशास परवानगी दिली. २० जानेवारीच्या सविस्तर निकालात परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, असेही स्पष्ट केले. बहुजन समाज हेच सांगत आला; कोर्टाच्या मुखातून आले म्हणून त्याला आता वजन आले, एवढेच.

३ मे २०२१ रोजी पंतप्रधान कार्यालयाने जाहीर केले होते की शंभर दिवस कोविड ड्युटी करणाऱ्यांना नियमित सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. उपनगरांतल्या पालिका रुग्णालयांत डॉक्टरांची पदे भरताना हे प्राधान्य आणि बिंदुनामावली या दोन्ही गोष्टी पाळल्या काय, एवढे पालिकेने जाहीर करावे. कंत्राटी पदांच्या आडून बिंदुनामावली कशी गुंडाळली जाते, हे आमच्या वाचकांनी अनेक खात्यांत पाहिले आहे.