भूवैज्ञानिक डार्विन आणि त्यांचे घर

चार्ल्स डार्विन म्हटले की माकड आणि माणूस एवढेच आठवते. १९ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन. ‘बीगल’ जहाजावरून १८३६ मध्ये इंग्लंडला परतलेले डार्विन स्वतःला भूवैज्ञानिक मानत. त्याआधी एडिंबरो येथील वैद्यकीय शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले होते. भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया त्यांना पाहवल्या नव्हत्या.

चिलीमध्ये १८३५ च्या भूकंपानंतर समुद्रकिनारा वर उचलला गेल्याचे त्यांनी पाहिले. ज्वालामुखी बेट हळूहळू खचते आणि त्याच्या कडेचे प्रवाळ वर वाढत राहते, असा कंकणाकृती प्रवाळद्वीपांचा उलगडाही त्यांनी केला. पुढे १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे खोल वेध घेतले, तेव्हा हजार मीटरहून अधिक खाली ज्वालामुखीचा खडक लागला. लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने त्यांना १८५९ च्या प्रारंभी वोलॅस्टन पदक दिले. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ त्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस आला.

खडकांच्या या अभ्यासकाचा जीव मात्र घरात गुंतलेला होता. मोठा मुलगा विल्यम जन्मल्यापासून त्याचे हसणे, रडणे, घाबरणे त्यांनी टिपून ठेवले. बालविकासाच्या अभ्यासात त्या नोंदींचे महत्त्व आजही मानले जाते. त्यांच्या हस्तलिखिताच्या काही पानांच्या पाठीवर मुलांनी काढलेली चित्रे आहेत. गांडुळांवरच्या शेवटच्या पुस्तकासाठी तर सारे घर कामाला लागले होते. गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी पत्नी एमा पियानो वाजवत.

या घराने दुःखही सोसले. दहा अपत्यांपैकी तीन लहानपणीच गेली. लाडकी अ‍ॅनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली. तिचा आजार क्षय असावा, असे आज अनेकांना वाटते. धाकटा चार्ल्स जून १८५८ मध्ये स्कार्लेट फीव्हरने दगावला. १ जुलै रोजी लंडनमध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत प्रथमच वाचला जात होता, त्याच दिवशी डार्विन या बाळाच्या दफनविधीला होते.

एमा ही त्यांची सख्खी मामेबहीण. मुलांच्या दुबळ्या प्रकृतीला आपले नात्यातले लग्न कारणीभूत आहे का, ही शंका त्यांना छळत राहिली. १८७१ च्या जनगणनेत अशा विवाहांविषयी प्रश्न घालावा, असा त्यांचा आग्रह होता; संसदेने तो मानला नाही. पुढे मुलगा जॉर्जने या विषयाची आकडेवारी गोळा केली.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न आजही होते. सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे एकच सुप्त दोष दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. तसा दोष दोघांत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सर्वसाधारणपणे शंभरात दोन-तीन बाळांना जन्मजात व्यंग असते. अशा जोडप्यांत हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. म्हणजेच बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात. मात्र सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे वाहक असलेल्या घरांत हा धोका अधिक गंभीर आहे. विदर्भ आणि नंदुरबारमधील कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.

लग्न ठरवताना पत्रिका पाहिली जाते. त्याबरोबर रक्ताची तपासणीही व्हायला हवी. लग्न आधीच झाले असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना नाते सांगावे. घरात लहानपणी दगावलेली मुले, वारंवार रक्त द्यावे लागणारे रुग्ण असतील तर तेही सांगावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. बाळात दोष निघाला तर सुनेला बोल लावणे तर सर्वस्वी चुकीचे, कारण असा दोष दोन्हीकडून येतो.

डार्विन यांच्या काळी जनुके ठाऊक नव्हती, वाहक ओळखण्याची तपासणीही नव्हती. त्यांच्या हाती फक्त शंका होती आणि ती त्यांनी लपवली नाही. आज तपासणी उपलब्ध आहे. ती करून घेणे हीच त्या भूवैज्ञानिक बापाला खरी आदरांजली.