अर्भकमृत्यूची अपुरी नोंद

जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाळाला धाप लागते, दूध ओढवत नाही आणि ते दगावते. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ एवढीच नोंद होते. ती खोटी नसते, परंतु अपुरी असते. हृदय का थांबले, हा प्रश्न बाळाबरोबरच पुरला जातो.

अशा काही मृत्यूंमागे रोहिण्या कठीण होण्याचा एक आनुवंशिक विकार असतो. सुमारे २ लाख जन्मांत १, इतका तो दुर्मिळ मानला जातो. रक्तातील पायरोफॉस्फेट हे द्रव्य रोहिण्यांत चुन्याचे क्षार साचू देत नाही. ते निर्माण करण्यास लागणारे जनुक सदोष असल्यास रोहिण्या गर्भातच कठीण व अरुंद होऊ लागतात, आणि त्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. हा जनुकदोष २००३ साली उजेडात आला; हमखास उपाय मात्र अद्याप नाही.

माता व पिता या दोघांकडून सदोष जनुक आले तरच विकार प्रकटतो. अशा दांपत्याच्या पुढील प्रत्येक अपत्याला चारांत एक इतका धोका राहतो. सातारा-सांगलीकडे मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी जुनी आहे; महाराष्ट्रातील या रूढीची दखल इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात घेतली आहे. अशा बहुतेक विवाहांतील मुले निरोगी असतात, हे खरे. परंतु समान आजोबांकडून आलेला सुप्त दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव येथे वाढतो, हेही तितकेच खरे.

इतक्या दुर्मिळ रोगासाठी खर्च कशाला, असे कोणी विचारील. पण मागणी एका रोगापुरती नाही. कारण न उमगलेल्या प्रत्येक अर्भकमृत्यूत क्ष-किरण व सोनोग्राफी तपासणी व्हावी, आणि रक्ताचे चार थेंब कागदावर वाळवून जपावेत. त्यांतून इतर आनुवंशिक रोगांचाही छडा लागू शकतो. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयास दुर्मिळ रोगांचे केंद्र म्हणून मान्यता आहे. या दोहोंना जोडणारी आनुवंशिक सल्ल्याची सोय जिल्हा रुग्णालयांत असावी.

निदान झाले तर पुढच्या गर्भाची तपासणी करता येते. १९९४ चा कायदा त्यास मुभा देतो. निदान नसेल तर दोष नशिबाला, आणि बहुधा सुनेच्या पायगुणाला लागतो. तिला या कलंकातून सोडवणे, हेही आरोग्यखात्याचेच काम होय.